मॅक्रोला एक्सपोजर किती वाढवायचं? आधी उजेड कुठे मोजला ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. निकॉन एफएम२, त्यावर ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो-निक्कॉर, पूर्ण आकारासाठी पीके-१३ ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायची पोकळ नळी) आणि एक्टाक्रोम ई१०० या स्लाइड फिल्मचे दोन रोल घेऊन तुम्ही कासच्या पठारावर गेलात. 'मॅक्रोला दोन स्टॉप वाढवायचे' असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून पहिल्या रोलला कॅमेऱ्याच्या मीटरवर दोन स्टॉप जास्त दिले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). दोन-तीन सोडून सगळ्या स्लाइड्स फिकट, पांढुरक्या आल्या. दुसऱ्या रोलला फोनमधलं लाइटमीटर वापरलं आणि काहीच वाढवलं नाही, तर बहुतेक फ्रेम काळोख्या. शेवटी पांढऱ्या गेंदाच्या काही फ्रेम कॅमेऱ्याच्या मीटरवर जशाच्या तशा काढल्या, त्यातली काही फुलं जळाली आणि काही मळकट करडी झाली. आता तुम्ही विचारताय की नक्की किती वाढवायचं.

'किती' हा नंतरचा प्रश्न आहे. उजेड लेन्सच्या आधी मोजला की लेन्समधून आल्यावर, हे आधी ठरवायचं. त्याचं उत्तर मिळालं की तुमच्या दोन्ही रोलचा उलगडा होतो. गेंदाची भानगड वेगळी आहे, तिचा मॅक्रोच्या भरपाईशी संबंध नाही. तिच्याकडे नंतर येते.

जवळच्या वस्तूवर फोकस करायचा तर लेन्स फिल्मपासून पुढे सरकवावी लागते. टॉर्च भिंतीपासून मागे नेला की उजेडाचं वर्तुळ मोठं आणि मंद होतं, तसंच इथे होतं: लेन्समधून आलेला तेवढाच उजेड मोठ्या जागेवर पसरतो आणि फिल्मच्या वाट्याला कमी येतो. लेन्सच्या रिंगवर कोरलेले एफ/८, एफ/११ हे अ‍ॅपर्चरचे, म्हणजे लेन्सच्या आतल्या छिद्राचे आकडे (आकडा मोठा, छिद्र लहान) अनंतावर फोकस असतानाच खरे असतात. १:१ ला, म्हणजे वस्तू फिल्मवर तिच्या खऱ्या आकारात उमटते तेव्हा, ५५ मिमीची लेन्स फिल्मपासून ११० मिमीवर गेलेली असते. अंतर दुप्पट, उजेड चौथा हिस्सा, म्हणजे दोन स्टॉप गेले. रिंगवर एफ/८ असला तरी फिल्मच्या दृष्टीने तो एफ/१६ आहे.

हिशेब सोपा आहे. वस्तू किती पट उमटतेय त्या आकड्यात एक मिळवा आणि रिंगवरच्या एफला त्याने गुणा. अर्ध्या आकाराला दीड पट, म्हणून एफ/८ चा एफ/१२ होतो. उजेड किती पट कमी झाला हे हवं असेल तर त्याच बेरजेचा वर्ग करा: १:२ ला सव्वादोन पट, १:१ ला चार पट. लेन्स ५५ ची की १०५ ची याने फरक पडत नाही. वस्तू फिल्मवर किती मोठी उमटतेय, एवढंच बघायचं. (उलटी लावलेली वाइड अँगल लेन्स किंवा आतल्या आत फोकस करणारी लेन्स असेल तर हे गणित थोडं हलतं. तुमच्या लेन्सला ते व्यवस्थित लागू पडतं.)

एफएम२ चं मीटर व्ह्यूफाइंडरच्या आत, लेन्सच्या पलीकडे बसलेलं आहे. लेन्स पुढे सरकल्यामुळे जेवढा उजेड गेला तेवढा त्याच्यासाठीही गेलेला असतो, म्हणजे भरपाई धरूनच ते आकडा दाखवतं. त्यावर तुम्ही आणखी दोन स्टॉप दिले, म्हणून पहिला रोल सरळ दोन स्टॉपने जास्त झाला. स्लाइड फिल्म एवढं पोटात घालत नाही. अर्ध्या स्टॉपची चूकही तिथे डोळ्याला दिसते.

फोनचं अ‍ॅप लेन्सच्या अलीकडचा उजेड मोजतं. तुमची लेन्स किती पुढे आलीय हे त्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे दुसरा रोल १:२ ला एका स्टॉपहून थोडा अधिक आणि १:१ ला पूर्ण दोन स्टॉप कमी पडला. शिवाय फोनचा कॅमेरा वाइड असतो. कासच्या ढगाळ आभाळाचा तुकडा त्यात आला की अ‍ॅपला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि ते एक्सपोजर आणखी कमी सांगतं.

'दोन स्टॉप वाढवा' हा सल्ला चुकीचा नाही, पण तो हातातल्या मीटरच्या काळातला आहे आणि तोही फक्त १:१ साठी. वेगळं मीटर, फोन, 'लख्ख उन्हात एफ/१६' हा ठोकताळा किंवा मॅन्युअल फ्लॅश, यातलं काहीही वापरलं की भरपाई तुम्हालाच करायची. कॅमेरा लेन्समधून मोजत असेल तर काहीच करायचं नाही. पीके-१३ ने यात बदल होत नाही, कारण ती अ‍ॅपर्चरची जोडणी बॉडीपर्यंत पोचवते. जोडणी नसलेली स्वस्त ट्यूब असेल तर लेन्स प्रत्यक्ष ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचाय तिथे बंद करून मग मीटर बघायचं, एवढाच फरक. आणि पुढे फिल्टरसारखी स्क्रू करून लावायची क्लोज-अप लेन्स असेल, तर तिच्यासाठी हातातल्या मीटरलाही काही मिळवायचं नाही. तिथे लेन्स पुढे सरकलेलीच नसते.

पुढे कधी ऑटोफोकसची निकॉन बॉडी घेतलीत तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. १०५ मिमी एफ/२.८ डी मायक्रो लेन्स १:१ ला नेली की बॉडीच्या डिस्प्लेवर एफ/२.८ ऐवजी एफ/५ दिसायला लागतो. लेन्स बिघडलेली नसते. निकॉन तिथे उजेडाच्या दृष्टीने खरा असलेला एफ दाखवतं, म्हणून हातातल्या मीटरचा आकडा तसाच त्या डिस्प्लेवर लावायचा, वर काही मिळवायचं नाही. कॅननची ईएफ १०० मिमी मॅक्रो मात्र शेवटपर्यंत एफ/२.८ च दाखवत राहते, तिथे भरपाई करावीच लागते. एकाच फुलाचे फोटो काढणाऱ्या दोघांचे सल्ले उलटसुलट असतात, त्याचं एक कारण हेही आहे.

आता हातातलं मीटर वापरायचं असेल तर आकडे. तुमच्या लेन्सच्या नळीवर प्रमाण कोरलेलंच आहे, ते वाचा. नाही तर फुलाच्या जागी साधी पट्टी धरून आडवी किती मिलिमीटर दिसते ते बघा. फिल्मची फ्रेम ३६ मिमी रुंद असते. ३६ सेंटीमीटर मावत असतील तर १:१०, पाव स्टॉप. १४४ मिमी म्हणजे १:४, दोन तृतीयांश स्टॉप. ७२ मिमी म्हणजे १:२, एक स्टॉप आणि वर थोडं. ३६ मिमी म्हणजे १:१, दोन स्टॉप. एफएम२ चा व्ह्यूफाइंडर फ्रेमच्या ९३ टक्केच दाखवतो, त्यामुळे १:१ ला पट्टीवर साडेतेहतीस मिलिमीटरच्या आसपास दिसतील. गोंधळून जाऊ नका. मी हे चार आकडे कागदी टेपवर लिहून लेन्सच्या हुडला चिकटवून ठेवते. पावसात, गुडघ्यावर बसून, कुणीही मनात वर्ग करत बसू नये.

एक उदाहरण करून बघू. ढगाळ सकाळ, आयएसओ १००, हातातलं मीटर म्हणतंय एफ/११ ला १/३०. सीतेची आसवे १:२ ला काढायचीत. एक स्टॉप आणि थोडं वर, म्हणजे एफ/११ ला १/१५ आणि रिंग किंचित उघडी. ट्यूब लावून १:१ ला गेलात तर १/८. आता पठारावर वारा किती असतो आठवा. देठ दोऱ्याएवढा, १/८ ला ते फूल फ्रेममध्ये थांबणार नाही. अशा वेळी अ‍ॅपर्चर उघडावं तर १:१ ला एफ/८ वर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं फोकसमध्ये राहतं, एफ/१६ वर दोन. आणि एफ/१६ म्हणजे तिथे खरा एफ/३२ असतो, चित्र सगळीकडेच मऊ पडायला लागतं. म्हणून माझं मत असं आहे की कासच्या पावसाळी उजेडात १:१ चा हट्ट सोडावा. १:३ किंवा १:२ ला थांबावं, नाही तर आयएसओ ४०० ची निगेटिव्ह फिल्म घालावी. तोच फोटो १:२ ला १/६० वर येतो आणि वाऱ्याच्या दोन झुळकांमध्ये सापडतो. शिवाय तिथे पायवाट सोडायची नसते आणि सोडूही नये. १:१ ला ५५ मिमीचं तोंड फुलापासून जेमतेम चार बोटांवर येतं, तेवढं जवळ जायचं तर शेजारची फुलं तुडवल्याशिवाय जाता येत नाही. एखादं फूल पायवाटेच्या कडेलाच मिळालं तरी लेन्सची आणि तुमची सावली त्याच्यावर पडते. १०५ मिमीने तेच प्रमाण लांबून मिळतं आणि भरपाई तेवढीच लागते.

आता गेंद. हा मला तुमच्या प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग वाटला, कारण तुमचं मीटर तिथे मुळीच चुकलेलं नाही.

एफएम२ चं मीटर फ्रेमच्या मधल्या १२ मिमीच्या वर्तुळाला साठ टक्के वजन देतं, बाकी सगळ्याला चाळीस. समोर जे काही आहे ते मध्यम करडं आहे असं गृहीत धरून ते आकडा सांगतं. गेंदाचं डोकं साधारण सेंटीमीटरभर धरू. १:२ ला ते फिल्मवर पाच मिलिमीटरचं उमटतं, म्हणजे १२ मिमीच्या वर्तुळाचा जेमतेम सहावा हिस्सा भरतो. उरलेल्या जागेत काय असतं? ओला काळा कातळ आणि गडद गवत. मीटर तो काळोख बघून म्हणतं, उजेड कमी आहे, शटर हळू करा. कातळ करडा येतो आणि फूल जळतं.

आता ट्यूब लावा आणि १:१ ला जा. तेच डोकं फिल्मवर दहा मिलिमीटरचं झालं, वर्तुळाचा सत्तर टक्के भाग त्याने व्यापला. आता मीटरला बहुतेक पांढरंच दिसतंय. ते म्हणतं, उजेड फार आहे, आवरा. फूल करडं येतं. फूल तेच, उजेडही तोच, फक्त तुम्ही जवळ गेलात आणि चूक उलट्या दिशेला गेली. 'पांढऱ्याला दीड स्टॉप जास्त द्या' हा नियम वर्तुळ पांढऱ्याने भरलं असेल तरच लागू होतो. वर्तुळात पांढरं छोटं आणि भोवती काळं असेल तर उलट एक ते दीड स्टॉप कमी द्यावं लागतं. म्हणून मीटर बघायच्या आधी ते वर्तुळ बघायचं आणि त्यात सगळ्यात जास्त जागा कोणी घेतलीय हे स्वतःला विचारायचं. सोनकी किंवा तेरड्याच्या बाबतीत हा त्रास इतका होत नाही, कारण त्यांचे रंग करड्याच्या फार वर जात नाहीत. पिवळ्या सोनकीला अर्धा-पाऊण स्टॉप जास्त दिला की पुरतं.

मी स्वतः अशा ठिकाणी फूल मोजतच नाही. फुलावर पडणाऱ्या उजेडात, फुलाच्या अगदी शेजारी, तळहात धरते. फोकस न बदलता कॅमेरा तसाच ठेवून तळहाताने ते मधलं वर्तुळ भरते आणि मीटर बघते. तळहात धूसर दिसतो, दिसू द्या. फोकस बदललात तर लेन्स मागेपुढे होईल आणि भरपाई बिघडेल, म्हणून हे महत्त्वाचं. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, तेव्हा मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्यायचा. मीटरने १/६० सांगितलं तर १/३०. तुमचा तळहात नेमका किती उजळ आहे हे घरी ग्रे कार्ड (मध्यम करड्या रंगाचा पुठ्ठा) शेजारी ठेवून एकदा तपासून घ्या, काहींचा पाऊण स्टॉप निघतो, काहींचा सव्वा. ओल्या किंवा चिखलाच्या हाताचा आकडा धरू नका. ही पद्धत फुलाचा रंग आणि मागचा कातळ दोन्ही हिशेबातून काढून टाकते, आणि लेन्समधून मोजल्यामुळे मॅक्रोची भरपाईही आपोआप होते. पांढऱ्या फुलाच्या पाकळीतला पोत हवा असेल तर स्लाइडवर या आकड्यापेक्षा तिसरा हिस्सा स्टॉप कमी द्या.

कॅमेऱ्याच्या मीटरवर भरवसा ठेवायचा तर अजून एक जागा सांभाळायला हवी, ती म्हणजे डोळ्याची खिडकी. एफएम२ चे उजेड मोजणारे सेल तिच्या आसपासच असतात. कॅमेरा ट्रायपॉडवर जमिनीलगत ठेवून तुम्ही वरून वाकून मीटरचे दिवे बघता तेव्हा आभाळाचा उजेड मागून आत शिरतो. एरवी तो खपून जातो. मॅक्रोत लेन्समधून येणारा उजेडच चौथ्या हिश्श्यावर आलेला असतो, त्यामुळे मागून आलेल्या थोड्या उजेडालाही मोठं वजन मिळतं आणि फ्रेम काळोखी येते. मोजताना डोळा चिकटवून ठेवा किंवा मागे टोपी धरा. तुमच्या पहिल्या रोलमधल्या ज्या दोन-तीन फ्रेम दोन स्टॉप जास्त देऊनही बऱ्या आल्या असं तुम्ही लिहिलंय, त्या ट्रायपॉडवरच्या होत्या का, आठवून बघा. मला शंका आहे.

फ्लॅशबद्दल थोडक्यात. एफएम२ फ्लॅशचा उजेड लेन्समधून मोजत नाही, त्यामुळे इथे भरपाई आलीच. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला मीटरमधल्या अंतराने भागलं की एफ मिळतो) २० असलेला फ्लॅश फुलापासून अर्ध्या मीटरवर असेल तर हिशेबाने एफ/४० येतो, १:१ ची भरपाई धरून रिंगवर एफ/२० च्या जवळपास. पण इतक्या जवळ गाइड नंबर काटेकोर राहत नाही, आणि समोर टिश्यू पेपर लावला की आणखी एखादा स्टॉप जातो. गणितावर सुरुवात करा आणि एका रोलवर एकाच फुलाच्या चार-पाच पायऱ्या काढून आपला आकडा पक्का करा.

घरात संध्याकाळी बेलोज (ट्यूबऐवजी लावायचा, लांबी कमी-जास्त करता येणारा भाता) लावून काम करायचं झालं तर एक-दोन सेकंदांच्या पुढे फिल्म स्वतःच मंद होते. तिथे क्रम सांभाळा: आधी मॅक्रोची भरपाई, मग आलेल्या वेळेवर फिल्मची. हातातल्या मीटरने २ सेकंद सांगितले, १:१ ला ते ८ झाले, आणि इल्फर्डच्या एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला त्या आठाचे १५ द्यावे लागतात. इल्फर्डचा नियम वेळेचा १.३१ वा घात असा आहे, कॅल्क्युलेटरवर लगेच निघतो. प्रोव्हिया १००एफ ला १२८ सेकंदांपर्यंत काहीच मिळवावं लागत नाही, म्हणून टेबलावरच्या कामाला ती फिल्म मला जास्त आवडते.

पुढच्या रोलसाठी मी म्हणेन, फोन घरी ठेवा. कॅमेऱ्याचं मीटर, तळहात आणि वहीची एक पानपट्टी पुरे. प्रत्येक फ्रेमला प्रमाण, अ‍ॅपर्चर, शटर आणि तळहात मोजला की फूल, एवढंच लिहा. महत्त्वाच्या फुलाला अर्धा स्टॉप खाली आणि अर्धा स्टॉप वर अशा आणखी दोन फ्रेम द्या. फिल्म महाग आहे हे मान्य, पण हंगाम वर्षातून एकदाच येतो. आणि हा अभ्यास स्लाइडवरच करा, निगेटिव्हवर नको. निगेटिव्ह स्कॅन करताना लॅबचं मशीन उजेड-काळोख आपल्या मर्जीने सारखा करून देतं, एक स्टॉपची चूक स्क्रीनवर दिसतच नाही आणि आपण बरोबर होतो असं वाटत राहतं. ई१०० ची पट्टी मात्र खिडकीसमोर धरली की तुमच्या वहीतला आकडा बरोबर होता की नाही ते तिथल्या तिथे सांगते.